पंख्याचा हूक

१६ एप्रिल १९७३, सोमवार. घोडेगाव

खात्याच्या वहीत आकडे लिहायचे असतात. शंका लिहायला तिथे रकाना नाही, म्हणून ही वेगळी वही.

आज करजवाडीच्या शाळेतल्या दोन्ही नव्या खोल्यांत थर्मामीटरनं पहिला आकडा घेऊन आलो. कोयनेत पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून आमच्या खात्यात परिपत्रक आलं. यापुढे सरकारी इमारती अशा बांधून पाहाव्यात की पंख्यांची गरजच पडू नये. परिपत्रक सगळ्यांनी वाचलं, सह्या केल्या आणि फायलीला लावलं. मी एकट्यानं सुचवलं, की स्लॅबवर मडकी पालथी मांडावीत आणि वरून चुन्याचा कोबा करावा. मडक्यात कोंडलेली हवा उन्हाला खाली येऊ देत नाही. कार्यकारी अभियंता राजहंस साहेब म्हणाले, "नृसिंहराव, करून दाखवा. एका खोलीवर करा, शेजारची नुसत्या स्लॅबची ठेवा. मे महिन्यात मी येईन. भर दुपारी दोन्हींत पाच अंशांचा फरक दिसला तर पुढच्या सगळ्या शाळांवर मडकी. नाही दिसला तर तुमची मडकी तुम्हाला."

सगळी कचेरी हसली. कोण कोण हसलं ते माझ्या लक्षात आहे.

मडकी करजवाडीच्याच मच्छिंद्र कुंभारानं घडवली. दुष्काळात त्याची भट्टी थंड आहे, म्हणून खोल्यांच्या राखणीलाही रोजंदारीवर त्यालाच ठेवलं. "माजीच मडकी हायेत की वर, सायेब. मी न्हाई राखनार तर कोन राखनार?" म्हणाला. फार गोड बोलतो. मला गोड बोलण्याची सवय नाही.

आणखी एक अडचण. करजवाडी शिंगणापूरच्या शिवेला लागून आहे आणि तिथली रीत इथेही पाळतात. घराला चौकट असते, दार नसतं. शाळेलाही नाही. मी चौकटीला किंतानाचा पडदा लावला आहे. दुपारी दोनला आकडा घ्यायचा, घोडेगावहून सायकलनं जाऊन. उरलेला दिवसभर खोली उघडी. गाव म्हणतं, इथे चोरी होत नाही. गावाच्या म्हणण्यावर सरकारी प्रयोग चालत नाहीत.

१८ एप्रिल, बुधवार

फरक सहा अंश. मडक्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. आनंद झाला, पण कुणाला दाखवला नाही.

सरपंच आबासाहेब येऊन छताकडे पाहत उभे राहिले. छताला पंख्याचा हूक आहे. स्लॅब परिपत्रकाच्या आधी ओतला होता, तेव्हा तो राहून गेला.

"हूक हाय, मंग पंखा का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"पंख्याची गरज पडू नये म्हणूनच तर ही खोली, आबासाहेब."

"सोनईच्या शाळंत दोन पंखे हायेत. आमच्या गावात वीज आली त्याला दोन वर्सं झाली. आन आमच्या पोरांच्या डोक्यावर काय, तर पालथी मडकी! पालथं मडकं कवा घालत्यात ठावं हाय ना?"

"मयताचं वेगळं, छतावर घातलेलं वेगळं."

"ते तुमी म्हंता." आबासाहेब हसले. "बगू. न्हाई जमलं तर पंखा हायेच."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवत आहे. प्रयोग फसला तर या माणसाला पंखा मिळणार. हे विसरायचं नाही.

२४ एप्रिल, मंगळवार

फरक साडेचार. काल पाच होता. ऊन तेवढंच आहे, मडकी तीच, कोबाही तोच.

खोलीत गेलो तेव्हा हवा दमट होती. हुकाच्या बरोबर खाली फरशीवर बशीएवढा ओला डाग दिसला. स्लॅब गळतो की काय म्हणून शिडी लावून वर गेलो. सहा महिन्यांत पावसाचा थेंब नाही, मग गळेल काय? वर सगळं कोरडं ठणठणीत. खाली उतरून पुन्हा पाहिलं तर डाग वाळून गेला होता.

हूक मात्र नीट पाहिला. त्याच्या आतल्या अंगाचा गंज घासून गेला आहे आणि लोखंड चकाकतं आहे. कुणीतरी त्याला काहीतरी बांधून पाहिलं आहे. पंखाच असणार. आबासाहेब मापं घेऊ लागले वाटतं.

मच्छिंद्राला विचारलं, "इथे कोणी येतं का?"

"कोन येतंय सायेब उन्हाचं!" आणि लगेच, "पानी देऊ का?"

२७ एप्रिल, शुक्रवार

फरक तीन अंश.

आज पुरावा सापडला. कोपऱ्यात राख आणि दोन विझलेले निखारे. राख झाडून टाकायचा प्रयत्न केलेला होता, पण फटीत राहिली. म्हणजे मी येण्याआधी कोणीतरी खोलीत विस्तव करतं. थंड राहावी म्हणून बांधलेल्या खोलीत, एप्रिलात, विस्तव! यात हेतू नाही असं कोण म्हणेल? राखेला तिखट, उग्र असा कसलासा वास आहे. ओळखीचा वाटतो, पण नाव सांगता येत नाही.

ओढ्यापासून शाळेकडे चढत असताना मांजराच्या पिलासारखा आवाज आला. पोचेपर्यंत बंद झाला.

राख कागदाच्या पुडीत घेतली आहे. मच्छिंद्र पुडीकडे पाहत होता. चेहरा उतरला होता त्याचा. "ती राक कशापायी घेता सायेब?" म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. उत्तर न दिल्यानं माणूस जास्त बोलतो असा माझा अनुभव आहे. पण तो बोलला नाही.

आबासाहेब विस्तव करवतात आणि मच्छिंद्र डोळेझाक करतो, असं माझं अनुमान आहे. अडचण एवढीच, की मडकी त्याचीच आहेत. प्रयोग फसला तर पुढच्या शाळांची मडकी घडवायचं त्याचंच काम जाणार. स्वतःच्या पोटावर पाय कोण देईल? काहीतरी मोठं आमिष असणार.

२९ एप्रिल, रविवार. नगर

काल रात्रीच्या एस.टी.नं घरी आलो. सकाळी चहा घेताना सुनीतीला सगळं सांगितलं आणि पुडी उघडून दाखवली. ती हसेल असं वाटलं होतं. तिला माझ्या शंकांचं हसू येतं. शेजारच्यांची मोलकरीण जिन्यात दोनदा थांबली तरी मी कारण शोधतो, असं ती सगळ्यांना सांगते.

तिनं पुडी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून राहिली.

"ओवा आहे," ती म्हणाली. "वेखंड आहे. बाळंतशेपा आहेत."

"म्हणजे मसाल्याचं काहीतरी जाळलं."

"तुम्हाला खरंच हा वास कळत नाही?"

"नाही."

"कसा कळेल," ती म्हणाली. "आपल्या घरात कधी आला नाही."

पुडी तिनं नीट घडी करून मला परत दिली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. तिला काय झालं कळलं नाही. जेवताना बोलली, पण वांग्यांबद्दल. संध्याकाळी मशीन काढून काहीतरी शिवत बसली. माझ्या वाट्याला मशीनचा खडखड आवाज आला.

मसाला जाळला तर तापमान किती वाढतं हे पाहायला हवं.

३० एप्रिल, सोमवार

घोडेगावला येऊन पिशवी उघडली. डब्याखाली एक मऊ चौकोनी दुपटं निघालं. जुन्या सुती साडीचं, आत एक पदर, कडेनं बारीक टीप. सोबत चिठ्ठी नाही. मी थर्मामीटर सायकलच्या पिशवीत धक्के खात नेतो हे तिला सांगितलं होतं, त्यासाठी दिलेलं दिसतं. दोन्ही थर्मामीटर त्यात व्यवस्थित मावले. सुनीतीला अशा गोष्टी सुचतात.

फरक साडेतीन.

३ मे, गुरुवार

आज युक्ती केली. नेहमीच्या ओढ्याच्या वाटेनं न जाता सोनईच्या अंगानं, वेळेआधी पोचलो. मच्छिंद्र शाळेच्या पुढे बाभळीखाली बसून ओढ्याकडे टक लावून होता. माझी सायकल मागून आलेली पाहून दचकला आणि एकदम मोठ्यानं ओरडला, "राम राम सायेऽब! आज इकडनं आलासा व्हय!"

त्या ओरडण्याचा अर्थ न कळायला मी काल जन्मलो नाही.

पडद्याआडून बायकाच बायका बाहेर आल्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या सात-आठ जणी. दुपारची भाकरी सोडून उठल्या होत्या. दोघी पदरांनी खोलीत वारं घालत होत्या, त्या मागून आल्या. मला पाहून खाली माना घालून निघून गेल्या. खोलीतली गरम हवा बाहेर घालवत होत्या की बाहेरची आत घेत होत्या, याचा विचार करत आहे.

सर्वांत शेवटी मच्छिंद्राची बायको छबूबाई आणि तिची मुलगी मनकर्णा. ही माहेरी आलेली आहे म्हणे. पांढरीफटक दिसते, कानाला रुमाल गुंडाळलेला. एवढ्या उन्हात! छबूबाईच्या पदराखाली काहीतरी होतं. छातीशी घट्ट धरलेलं.

"पदराखाली काय आहे?" मी विचारलं.

"माजंच हाय," ती म्हणाली आणि चालायला लागली.

बाईमाणसाचा पदर कसा तपासणार? खोलीतलं सामान मोजलं. काहीही कमी नाही.

मच्छिंद्राला म्हणालो, "तू सांगितलंस कोणी येत नाही."

"दुपारच्या बसत्यात सायेब, घडीभर. गार लागतंय म्हून."

"आणि विस्तव?"

मी म्हणालो, विस्तवाचं कारण सांग, नाहीतर मला तुझ्याविरुद्ध लिहावं लागेल. म्हणाला, "लिवा सायेब." खोटं बोलणारा माणूस इतक्या सहज 'लिवा' म्हणतो का, की हाही एक डाव?

५ मे, शनिवार. नगर

अक्षय तृतीया. मच्छिंद्राकडून पूजेचा मातीचा करा आणला. पैसे घेईना. मी ठेवून आलो. उपकार नकोत.

सुनीतीनं करा पुसता पुसता विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको. एक मुलगी, माहेरी आलेली."

"कशासाठी आली?"

"मला काय माहीत? दुष्काळ आहे, आली असेल जेवायला."

सुनीती माझ्याकडे पाहतच राहिली. "दुपटं दिलंत का?" म्हणाली.

"फार उपयोग झाला. दोन्ही थर्मामीटर त्यातच ठेवतो."

ती हसली, पण ते हसू मला आवडलं नाही. मी सांगितलं की आता खोलीला दार लावून कुलूप घालणार. ती म्हणाली, "तिथे कोणी टेकत असेल तर टेकू द्या."

"मग मला सांगायला हवं."

"तुम्हाला कोण सांगेल?"

आकड्यांचं काम बायकांना समजावता येत नाही. लिहिताना मात्र वाटतं, तिला माझ्यापेक्षा जास्त काहीतरी माहीत आहे आणि ती सांगत नाही. घरातसुद्धा!

८ मे, मंगळवार

दार बसलं. सोनईच्या सुताराला विचारलं होतं. "कोनत्या गावासाटी?" म्हणाला. करजवाडी म्हटल्यावर त्यानं रंधा खाली ठेवला. शेवटी नगरच्या गोदामातलं जुनं दार ट्रकनं आणलं, सुतारही तिथलाच. आतल्या हवेशी आता माझ्याशिवाय कोणाचा संबंध नाही. किल्ली जानव्याला बांधली आहे.

गाव जमलं होतं. आबासाहेब पुढे आले.

"सायेब, या गावात कडी न्हाई, कोयंडा न्हाई. माज्या आज्याच्या पेटीला कुलूप नव्हतं. तुमी कुलूप लावलं म्हंजी गाव चोर ठरलं."

"गावाला चोर कोण म्हणतं? बाहेरचंही कोणी येऊ शकतं."

"भायेरचं कोन येतंय? तुमीच." लोक हसले. आबासाहेब हसले नाहीत. "पंख्यापायी भांडलो मी तुमच्यासंगं. उगडपने भांडलो. आडून न्हाई काय केलं. शनिदेवाची आन."

शपथ घेणाऱ्याबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही.

गर्दीत छबूबाई होती. ती कुलपाकडे पाहत होती, बाकी कोणाकडेच नाही.

१० मे, गुरुवार

फरक सात अंश! कुलपाचा गुण.

पाणी कोणी विचारलं नाही. मागितलं तर मच्छिंद्रानं आणून दिलं, तांब्या खाली ठेवून गेला. हातात दिला नाही.

१४ मे, सोमवार

आठ अंश. खोली रिकामी, बंद, शांत. माझ्या हातून एवढं चांगलं काम दुसरं झालं नाही. राजहंस साहेब मंगळवारी २२ तारखेला येत आहेत.

परत येताना मच्छिंद्राच्या पत्र्याच्या घरावरून आलो. आतून करडू ओरडत होतं. बारीक, कोरड्या गळ्यानं, थांबून थांबून. जनावरांना चारा नाही, करडांना दूध कुठलं. पत्र्यावर हात ठेवून पाहिला, ठेववेना. आत किती अंश असतील असं सहज मनात आलं.

१६ मे, बुधवार

आठ अंश. आज करडू ओरडत नव्हतं.

गावात शिरलं की लोक बोलायचे थांबतात. माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतं आहे. साहेबांच्या पुढ्यात तमाशा करणार असतील. कुलपाला लाख लावून शिक्का मारला.

१८ मे, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहितो. मन ठिकाणावर नाही.

पोचलो तेव्हा लांबूनच दिसलं, दार उघडं. पळत गेलो. कुलूप जागच्या जागी, बंद, लाखेला चीरही नाही. दार दुसऱ्या अंगानं उघडलेलं होतं. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून ओळीनं उंबऱ्यावर ठेवले होते. मच्छिंद्र बाहेर बसला होता. या वेळी तो ओरडला नाही, उठलाही नाही.

"कुलपाला हात लावला न्हाई, सायेब," तो म्हणाला. "कुलूप सरकारचं हाय."

मी आत गेलो. मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती. छबूबाई उभी होती, हातात दोरी. दोरी वर पंख्याच्या हुकातून गेली होती आणि खाली लुगड्याच्या झोळीत अडकली होती. ती झोका देत होती. कोपऱ्यात शेगडी. तोच वास.

मी म्हणालो, "हे काय चाललं आहे?" आवाज माझाच होता, पण फार मोठा वाटला.

"हळू बोला," छबूबाई म्हणाली. "आत्ता डोळा लागलाय. दोन दिस झालं, दूध वढलं न्हाई तिनं. आज इतं आनलं तवा चार थेंब घेतलं. लिवा काय लिवायचं ते. माजं नाव लिवा, छबूबाई मच्छिंद्र कुंभार. ह्याचं लिवू नका, ह्यो न्हाईच म्हनत हुता."

मी झोळीत वाकून पाहिलं. माझ्या वितीएवढं पोर. अंगभर घामोळं, ओठ सुकलेले. छाती पाखरासारखी हलत होती.

"आटव्या म्हैन्यात झाली," मनकर्णा म्हणाली. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर बोलली. "घरात पत्र्याखाली तापतंय लई. हितं निजायची. बाळसं धराया लागली हुती."

"नाव काय?"

"न्हाई ठेवलं," छबूबाई म्हणाली. "जगंल का न्हाई म्हून न्हाई ठेवलं."

मी फरशीवर बसलो. वर पाहिलं तर हूक घासून लखलखत होता.

बाहेर येऊन मच्छिंद्राला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी लिवलं असतं. मानसं बसत्यात, शेगडी असती, आकडा पडतोय. मग मडकी गेली. माजीच न्हाई, तुमची बी."

"मग बसवलंच कशाला?"

"पोरगी का मडकी, असं हुतं सायेब." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "तुमची सायकल वड्याला दिसली की आमी उटायचो. बाया पदरानं वारं घालायच्या. खोली गार व्हावी, तुमचा आकडा चांगला यावा म्हून. समद्यांनी लई केलं, पन वारं घालून कितीसं गार व्हतंय?"

तर माझ्या प्रयोगाविरुद्धचा कट तो हा. सगळं गाव माझा आकडा वाढवण्यासाठी पदर हलवत होतं.

थर्मामीटर काढायला पिशवी उघडली, तेव्हा छबूबाईची नजर दुपट्यावर गेली. मला सुचायला हवं होतं ते तिच्या डोळ्यांत आधी आलं आणि मग माझ्या डोक्यात. मी थर्मामीटर बाजूला ठेवले आणि दुपटं तिला दिलं.

"कुनी शिवलं?"

"घरी," मी म्हणालो. "सुनीतीनं. तुमच्यासाठीच दिलं होतं." मग खरं सांगितलं, "मला कळलं नव्हतं."

छबूबाईनं दुपट्याची टीप बोटानं चाचपली. "बाईंना कळलं," ती म्हणाली.

आकडा घ्यायचं राहिलं. आजची नोंद कोरी.

१९ मे, शनिवार

नगरला गेलो नाही. कुलूप काढलं, चौकटीतून दार सोडवलं आणि शाळेच्या मागे भिंतीला उभं केलं. सुताराची गरज पडली नाही, मच्छिंद्रानं हात लावला. बायका मात्र आत येईनात. कुलूप लागलेल्या जागी बसायचं नाही असं त्यांचं म्हणणं. आबासाहेबांनी नारळ फोडला, मग आल्या. मी किंतानाचा पडदा भिजवून पुन्हा लावला.

दोन वाजता मी आत, त्या आत, झोळी हुकाला. शेगडी मात्र बाहेर ठेवायची विनंती केली. छबूबाईनं ती मान्य केली, पण सकाळची धुरी आतच होणार असं बजावलं. आकडा घेतला. पाच अंशांना थोडा कमीच.

बंद खोलीचे आठ. माणसांसकट पाचाला कमी. साहेबांना कोणता द्यायचा? आठ खोटा नाही. तो मी स्वतः घेतला आहे, कुलूप लावून. आठ दिला तर पुढच्या सगळ्या शाळांवर मडकी, मच्छिंद्राची भट्टी पेटेल. पाचाला कमी दिला तर कचेरीत पुन्हा हशा.

पोरीनं आज दूध घेतलं. हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

२२ मे, मंगळवार

साहेबांची जीप भर उन्हात आली. आबासाहेब फेटा बांधून तयार. त्यांनी पंख्याचा अर्ज खिशातून अर्धा बाहेर काढून ठेवला होता, मला दिसेल असा.

साहेब आधी नुसत्या स्लॅबच्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. मग मडक्यांच्या. आत सगळ्या बसल्या होत्या. मीच बसायला सांगितलं होतं. साहेब चमकले. झोळी पाहिली, मग हूक.

"हा हूक कशाला ठेवला? पंखे लावायचे नाहीत ना?"

"परिपत्रकाच्या आधीचा आहे, साहेब."

साहेब भिंतीला टेकून बसले, बूट काढले, घाम पुसला. "फरक किती?"

"खोली रिकामी आणि बंद असली तर आठ अंश. अशी भरलेली असली तर पाचाला थोडा कमी."

मी वाट पाहत होतो. बराच वेळ गेला आणि मग मला दिसलं की त्यांचे डोळे मिटले आहेत. तोंड किंचित उघडं. झोपले होते. कार्यकारी अभियंता, सरकारी दौऱ्यावर, फरशीवर!

बाहेरून पोरं आत डोकावू लागली. आबासाहेब उठून चौकटीशी गेले, ओठांवर बोट ठेवून सरपंचाच्या दरडावणीनं पण पुटपुटत म्हणाले, "गप ऱ्हावा रं. सायेब निजल्यात." आणि परत येऊन आपणही पाय पसरले. छबूबाई दोरी ओढत होती. ती एकाच झोक्यात दोघांना झोपवते आहे असं वाटलं.

साहेब जागे झाले तेव्हा ऊन कललं होतं. आधी गोंधळले, मग बूट घातले. जीपपाशी मला म्हणाले, "भरलेल्या खोलीचा आकडा लिहा."

"तो पाच भरत नाही, साहेब."

"रिकाम्या खोलीला पंखा कोण लावतं? माणसांसकटचाच लिहा. अभिप्राय मी लिहीन." जीप सुरू झाली. मग पुन्हा थांबली. "आणि पुढच्या नकाशात हूक राहू द्या."

अभिप्राय काय लिहितील ते सांगितलं नाही. झोप लागली म्हणून रागावले असतील का? मोठी माणसं आपल्याला झोपलेलं पाहणाऱ्यांना सहसा माफ करत नाहीत.

आबासाहेबांनी अर्ज खिशात परत सारला. "खोली झ्याक हाय," म्हणाले. "पर एक पंखा बी असता तर काय बिगडलं असतं?"

२६ मे, शनिवार. नगर

साहेबांचा अभिप्राय आज कचेरीत आला. पुढच्या वर्षी दोन शाळांवर मडकी, मग विचार. सगळ्या शाळा नाहीत, पण माझी मडकी मला परतही नाहीत. कोणी हसलं नाही. न हसण्यामागेही काही आहे का, हे मी आज शोधलं नाही.

संध्याकाळी घोडेगावच्या एस.टी.च्या कंडक्टरनं मच्छिंद्राचा निरोप आणून दिला. उद्या बारसं आहे. शाळेच्या खोलीत, हुकाला झोळी बांधून. बाईंना घेऊन या, असं छबूबाईनं तीनदा सांगितलं म्हणे.

सुनीतीला निरोप सांगितला. तिनं विचारलं, "किती दिवस झाले तुम्हाला कळून?"

"आठ."

"मला महिना झाला," ती म्हणाली आणि कपाट उघडलं.

उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं आहे. थर्मामीटर कपाटावर ठेवले आहेत, ते नेणार नाही. सुनीती आतल्या खोलीत केव्हापासून पिशवी भरते आहे. काय भरते आहे ते मी विचारलं नाही.